‘एकदाच दाखवलेला’ तो भयंकर भाग: खुलासा

काळ्या विनोदाच्या एका जुन्या कार्टून मालिकेचा भयंकर भाग नाराज चित्रकाराने गुपचूप बनवला, तो एकाच रात्री दाखवला गेला आणि मग नष्ट झाला, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. पण असा भाग एकट्याला गुपचूप बनवता येत नाही.

हिशोब पाहा. सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेम, म्हणजे १२ चित्रं. २२ मिनिटांना १५,८४०. हालचाली पुन्हा वापरून यातली निम्मी वाचवली तरी स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चित्रांतला कच्चा आराखडा), आवाज, रंग, संकलन उरतंच. हे अनेकांचं, कित्येक महिन्यांचं काम.

निर्मिती क्रमांकांच्या (स्टुडिओ प्रत्येक भागाला देतो त्या क्रमांकांच्या) यादीत मधला एखादा क्रमांक गायब असणं हाही पुरावा नव्हे. बारगळलेल्या पटकथेलाही क्रमांक दिलेला असू शकतो.

त्या भागाची म्हणून क्लिप आलीच तर यूट्यूबवर थांबवून टिंबाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. व्हीएचएसवरून (जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून) उतरवलेल्या चित्रात बहुधा अगदी तळाशी थरथरती पट्टी आणि हलत्या कडांवर कंगव्यासारख्या रेषा दिसतात. (नीट साफ केलेल्या प्रतीत त्या नसतीलही.) जुनं भासवायला वरून चिकटवलेली खरखर मात्र अनेकदा ठरावीक सेकंदांनी जशीच्या तशी परतते. तशी परतली तर ही खूण भरवशाची.

मागे घेतलेले भाग आणि कापलेली दृश्यं खरोखर असतात, आणि ती शोधण्याजोगी आहेत. त्यांचा माग परदेशी डबिंगमध्ये, जुन्या कार्यक्रमपत्रिकांत लागतो.