एमजीबी आणि स्विफ्ट: आकडे सारखे, मग वेग वेगळा का वाटतो?

1962 साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी ही दोन सीटांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार बाहेर पडली. 1798 सीसीचं इंजिन, 95 हॉर्सपॉवर, वजन नऊशे किलोंच्या थोडं वर. आता सोसायटीच्या पार्किंगमधली 2021ची स्विफ्ट बघा. इंजिन 1197 सीसी, ताकद 90 हॉर्सपॉवरच्या जवळपास, वजन नऊशे किलोंच्या आतबाहेर. शंभराचा वेग गाठायला दोघींनाही साधारण 12 सेकंद लागतात. म्हणजे एका पिढीची स्वप्नातली गाडी जे करायची, ते आज मुलांना शाळेत सोडणारी गाडी दोन-तृतीयांश इंजिनात करते.

हे जमलं कसं, ते इंजिनाच्या श्वासात दिसतं. एमजीबीच्या चार सिलिंडरांना हवा आत घ्यायला दोनच वाटा होत्या. दोन शेजाऱ्यांत एक दरवाजा. शिवाय प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा. स्विफ्टमध्ये प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि पेट्रोल फवारणारे दोन इंजेक्टर आहेत. एमजीबी पेट्रोल-हवेचं मिश्रण 8.8 पट दाबायची, स्विफ्ट 12 पट दाबते. जितकं जास्त दाबाल, तितकं त्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं. पण फार दाबलं की मिश्रण वेळेआधीच पेटतं आणि इंजिन ठोके देतं. आज सेन्सर तो ठोका पकडतो आणि संगणक ठिणगीची वेळ लगेच मागे घेतो. एमजीबीला पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन कार्बोरेटर होते. दोन्हींतून सारखी हवा जाते का, हे बघायला मेकॅनिक रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचा, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचा आणि दोन्हींचा 'स्स्स' आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचा. मला या कारागिरीबद्दल मनापासून आदर वाटतो.

ब्रेकची रचना मात्र दोघींत तीच: पुढे डिस्क, मागे ड्रम. फरक एबीएसचा, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा आहे; ती फक्त स्विफ्टमध्ये आहे. चाक जाम होऊन घसरू लागलं की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. एबीएस ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडतो आणि पुन्हा धरतो. पावसाळ्यातल्या घाटात मी डोळे झाकून स्विफ्ट निवडेन.

तरीही एमजीबीत बसलेल्या माणसाला आपण उडतोय असं वाटतं, आणि तो भ्रम नाही. वेगाचा अंदाज डोळा रस्ता किती झपाट्याने मागे सरकतो त्यावरून घेतो. हे सरकणं वेगाइतकंच डोळ्याच्या उंचीवरही ठरतं. डोळे जमिनीपासून 1.2 मीटरवर असताना ताशी 72 किलोमीटरला रस्ता जसा सरकतो, तसाच तो 1 मीटरवरून 60 लाच सरकताना दिसतो. एमजीबीची उंची सव्वा मीटर, स्विफ्टची दीड मीटरहून जास्त. बुटक्या गाडीचा गुरुत्वमध्यही खाली असतो, त्यामुळे वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर कमी सरकतो आणि अंग कमी कलतं. त्यात टप उघडं, वारा थेट तोंडावर, इंजिनाचा आवाज कानाशी. स्विफ्टमध्ये काचा वर करून आपण गप्पा मारत बसतो आणि काटा शंभरावर कधी गेला ते कळतही नाही.