तुम्ही बनवलेलं पोस्टर सर्व्हर का विसरतो

मागच्या वेळी कंप्युटर फॉरमॅट मारला तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो, कारण पिक्चर सगळे वेगळ्या हार्डडिस्कवर, त्यांना धक्काही लागणार नव्हता. मीडिया सर्व्हर (आपल्या डिस्कवरचे पिक्चर पोस्टरांसकट टीव्ही-मोबाइलवर दाखवणारा प्रोग्राम) परत टाकला, लायब्ररी स्कॅन केली आणि थोड्या वेळात सगळं जागच्या जागी. फक्त पोस्टरं माझी नव्हती. कित्येक रात्री बसून एकेक बनवलेली, एका मालिकेच्या सगळ्या सीझनना एकाच रंगाची पट्टी वगैरे, ती सगळी गेली आणि त्यांच्या जागी नेटवरची तीच ती मोठ्या चेहऱ्यांची पोस्टरं येऊन बसली. चूक माझीच होती, पण ती नेमकी कुठे झाली हे कळायला सर्व्हर आतून कसा चालतो ते बघावं लागलं आणि ते प्रकरण भलतंच इंटरेस्टिंग निघालं.

असा कुठलाही सर्व्हर, प्लेक्स घ्या, जेलीफिन घ्या, एम्बी घ्या, पिक्चरची फाइल एकीकडे असते आणि त्याची माहिती सर्व्हरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. नाव, साल, कुठपर्यंत बघितलं हे सगळं एका डेटाबेसमध्ये, बहुतेक एसक्यूलाइटच्या, आणि चित्रं त्याच्या शेजारी वेगळ्या फाइलींमध्ये. आता सर्व्हरच्या नजरेने बघा, त्याने नेटवरून आणलेलं पोस्टर गेलं तर काय बिघडतं? परत आणेल. म्हणजे त्याच्यासाठी हा सगळा माल कॅशसारखा, म्हणजे तात्पुरता साठा, हरवला तरी चालणारा. तुम्ही स्क्रीनवर ‘अपलोड’ दाबून जे पोस्टर चढवता तेही बहुतेक वेळा याच ढिगात जाऊन पडतं, पण ते परत आणायला जगात दुसरी जागाच नाही. नेटवरच्या शेकडो चित्रांमध्ये तुमचं एक, आणि ढिगाऱ्याला फरक कळत नाही!

बरं, फॉरमॅट न मारताही पोस्टर गायब होतं, आणि त्यामागे हॅश नावाची भानगड आहे. हॅश म्हणजे आत कितीही मजकूर टाका, बाहेर ठरलेल्या लांबीचा आकडा निघतो. एमडी५ मधून १२८ बिटांचा, लिहिला तर ३२ अक्षरी, आणि शा-१ मधून १६० बिटांचा, म्हणजे ४० अक्षरी. आत एकच अक्षर बदललं तरी बाहेरचे सरासरी निम्मे बिट उलटतात, जुन्या आणि नव्या आकड्यात काही नातंच दिसत नाही. जेलीफिन पिक्चरची ओळख ठरवताना फाइलच्या पत्त्याचा (ती कुठल्या फोल्डरमध्ये, कुठल्या नावाने आहे त्याचा) असा हॅश काढतं. म्हणजे तुम्ही फोल्डरच्या नावात नुसतं साल घातलंत तरी पत्ता बदलला, हॅश बदलला, आणि सर्व्हरच्या लेखी हा नवाच पिक्चर. प्लेक्समध्ये पत्त्याऐवजी पिक्चर नेटवरच्या यादीतल्या कशाशी मॅच झालाय त्या ओळखीचा हॅश काढून त्या नावाचं ‘बंडल’ फोल्डर बनतं, त्यामुळे फाइल हलवलेली तिथे तितकी नडत नाही, पण चुकीचा मॅच दुरुस्त केलात की नवं बंडल. जुनं अनाथ, आणि आठवड्याच्या साफसफाईत अशी अनाथ बंडलं झाडली जातात.

मग सर्व्हरमध्ये पिक्चरची माहिती बदलताना कुलपाचं चित्र दिसतं ते कशाला, असं कोणीतरी विचारेलच. ते कुलूप खरंच काम करतं, मेटाडेटा (पिक्चरची नाव-पोस्टर वगैरे माहिती) रिफ्रेश केला तरी कुलूप लावलेल्या गोष्टीला सर्व्हर हात लावत नाही. पण कुलूप म्हणजे डेटाबेसमधली एक नोंद, आणि ती त्या ओळखीला चिकटलेली. ओळखच बदलली तर कुलूप जुन्या दाराला लटकत राहतं. बॅकअपचंही तसंच, प्लेक्स दर ३ दिवसांनी आपोआप बॅकअप घेतं खरं, पण तो डेटाबेसचा, त्यात पोस्टरांच्या फाइली नसतात. मलाही बॅकअप म्हणजे सगळं असंच वाटायचं.

यावर उपाय इतका साधा आहे की सांगायला लाज वाटते: पोस्टर पिक्चरच्याच फोल्डरमध्ये टाका, नाव ‘पोस्टर.जेपीजी’ (इंग्रजीत लिहायचं अर्थात). मागच्या मोठ्या चित्रासाठी ‘फॅनआर्ट.जेपीजी’. लोकल चित्रं वापरायचा पर्याय चालू असेल तर स्कॅन करताना सर्व्हर तीच उचलतो, डिस्क दुसऱ्या कंप्युटरला लावा, सर्व्हर बदला, पोस्टर पिक्चरबरोबर फिरतं. सीझनच्या फाइलींची नावं मात्र प्रत्येकाची थोडी वेगळी, ती एकदा बघून घ्या. जेलीफिनमध्ये चित्रं मीडियाच्या फोल्डरमध्येच सेव्ह करायचा पर्यायही आहे, चांगला आहे, पण ज्याला फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे तो तिथलं खोडूही शकतो, म्हणून मी सर्व्हरला पिक्चरचं फोल्डर फक्त वाचायला देतो आणि पोस्टर हाताने टाकतो.

आता पोस्टर टिकलं, पण त्याचा दर्जा? साधारण मापाचं पोस्टर १००० बाय १५०० पिक्सेलचं असतं, २:३ च्या प्रमाणात. कच्चं ठेवलं तर ४५ लाख बाइट, जेपीईजीमध्ये काहीशे केबी. हे कसं होतं तर जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं, या मापाच्या पोस्टरात नुसत्या उजेड-अंधाराचेच साडेतेवीस हजार होतात, आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला फारसा न जाणवणारा बारीक तपशील ढोबळ करून टाकतं. एकदा केलं तर कळत नाही. पण तेच पोस्टर उघडून, नाव सरकवून, परत सेव्ह, परत महिन्याने रंग बदलून सेव्ह, असं केलं की दर वेळी परत ढोबळीकरण, आणि ते आधी दिसतं अक्षरांच्या कडांना. माझ्या एका पोस्टरवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं नाव आहे, झूम केलं तर अक्षरांभोवती डास घोंगावल्यासारखे ठिपके दिसतात, ती पाच-सहा वेळा सेव्ह केल्याची शिक्षा. म्हणून लेयरवाली मूळ फाइल किंवा निदान पीएनजी बाजूला ठेवायची, पीएनजीत काही गमावलं जात नाही, आणि दर वेळी मूळ फाइलवरूनच नवीन जेपीईजी काढायची.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात बसत नाही, ती म्हणजे कलेक्शनं. पाच पिक्चरांचा एक संच केला तर त्या संचाचं म्हणून पिक्चरच्या डिस्कवर फोल्डरच नसतं, तो सर्व्हरच्या पोटातच जन्मतो, मग त्याचं पोस्टर ठेवणार कुठे? मी त्याच डिस्कवर ‘संच’ नावाचं फोल्डर केलंय, त्यात प्रत्येक संचाच्या नावाची एक फाइल, आणि सर्व्हर नवीन टाकला की ती एकेक करून हाताने चढवायची. सध्या १९ आहेत.