४२ डॉलर आधी द्यावेत की नंतर?

फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वजन जास्त असलेल्या २८१ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. रोज ७,००० पावलं चालायची, मोजणी खिशातला फोन करणार, मुदत १३ आठवडे. चार गट पाडले. एका गटाला रोज फक्त निरोप जायचा : काल जमलं की नाही. दुसऱ्याला उद्दिष्ट गाठलं त्या दिवशी १ डॉलर ४० सेंट. तिसऱ्याला लॉटरी. चौथ्याच्या नावावर मात्र दर महिना सुरू होतानाच ४२ डॉलर जमा दाखवले आणि बजावलं, चुकलेल्या प्रत्येक दिवसाचे १ डॉलर ४० सेंट यातून कापले जातील.

हिशेब करून पाहा. १.४० गुणिले ३० म्हणजे बरोबर ४२. दुसऱ्या आणि चौथ्या गटात पैशाचा फरक शून्य! तरी २०१६मध्ये निष्कर्ष आले ते असे : नुसत्या निरोपावर चालणाऱ्यांनी १००पैकी ३० दिवस उद्दिष्ट गाठलं, रोज कमावणाऱ्यांनी ३५, लॉटरीवाल्यांनी ३६ आणि कापले जाण्याच्या धास्तीने चालणाऱ्यांनी ४५. संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली ती फक्त शेवटची वाढ.

मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख मोठं, हा डॅनिएल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये मांडलेला सिद्धांत इथे पायात उतरलेला दिसतो. शंभराची नोट सापडल्याचा आनंद संध्याकाळपर्यंत विरतो; हरवलेली नोट आठवडाभर सलते. उलट, वजन घटवल्यास विम्याच्या हप्त्यात ५५० डॉलरची सवलत, असंही आमिष एका प्रयोगात दाखवलं गेलं. रक्कम कितीतरी मोठी, पण वजनावर म्हणावा असा परिणाम नाही. मला यात नवल वाटत नाही. पगाराच्या स्लिपमधला हप्त्याचा रकाना कोण रोज उघडून बघतो?

मग कर्मचाऱ्याचेच पैसे पणाला लावले तर? अमेरिकेतल्या सीव्हीएस या औषधविक्री कंपनीत सिगारेट सोडण्यासाठी हेही करून पाहिलं. काहींना सहा महिने सिगारेटपासून दूर राहिल्यास सरळ ८०० डॉलर. काहींना मात्र आधी स्वतःचे १५० डॉलर अनामत ठेवायचे होते. यशस्वी झालात तर ते परत, वर ६५०. अनामत ठेवायला तयार असलेल्यांवर तिचा परिणाम नुसत्या बक्षिसापेक्षा जास्त झाला. अडचण एवढीच, की बक्षिसाची योजना १०पैकी ९ जणांनी स्वीकारली आणि अनामतीची १००पैकी जेमतेम १४ जणांनी. औषध जालीम, पण घेणारा कोणी नाही.

अशा योजनांबद्दल कंपन्यांच्या माहितीपत्रकांतले आकडे यापेक्षा फार गोड असतात. त्याचं इंगित इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासाने २०१९मध्ये उघड केलं. तिथे सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांतून कोणाला आरोग्य सुधारण्याच्या योजनेत बोलवायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. बोलावलेले आणि न बोलावलेले यांच्या दवाखान्याच्या खर्चात वर्षभराने लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. बोलावल्यावर जे उत्साहाने आले, त्यांचा खर्च योजना सुरू होण्याआधीच कमी होता. आलेल्यांची तुलना न आलेल्यांशी केली असती, तर योजना यशस्वीच ठरली असती.

पण पैशाचा असर टिकतो का? सिगारेटच्या बाबतीत थोडा टिकतो. जनरल इलेक्ट्रिकच्या ८७८ कर्मचाऱ्यांमध्ये ज्यांना एकूण ७५० डॉलरपर्यंत मिळणार होते, त्यांच्यातले ९.४ टक्के दीड वर्षाच्या सुमारासही सिगारेटपासून दूर होते. इतरांत हे प्रमाण ३.६ टक्के. सोडायचा डोंगर एकदा चढला की पुढची वाट थोडी सोपी होत असावी. चालण्याला असा डोंगर नाही, ते रोज नव्याने. फिलाडेल्फियात पैसे थांबल्यावर पुढचे १३ आठवडे मोजणी चालूच ठेवली होती. ४२ डॉलरवाल्यांची पावलंही हळूहळू नुसत्या निरोपावर चालणाऱ्यांइतकीच झाली.