विंडोज १० की ११ : वाद टीपीएमचा, अडचण आठव्या पिढीची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीचा विंडोज १० साठीचा सपोर्ट संपला, आणि त्यावरच राहायचे की विंडोज ११ वर जायचे हा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्यातल्या सोसायट्या, देवस्थान समित्या, छापखाने आणि सीएंची ऑफिसे इथली जुनी मशीन्स नेहमीसारखीच सुरू झाली. ‘विंडोज बंद पडणार’ ही आवई पोकळ होती. तिच्यामागचा प्रश्न मात्र खरा आहे. सपोर्ट संपणे म्हणजे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा, येणारी सुरक्षेची दुरुस्ती थांबणे. टॅली चालते, प्रिंट निघते, ब्राउझर उघडतो. त्यानंतर सापडणारे प्रत्येक भोक मात्र उघडेच राहते. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला होता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर फाइली ओलीस धरल्या, तेव्हा कंपनीने एक्सपीसाठीही खास पॅच, म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती, काढला. तो अपवाद होता, आणि अपवादाच्या भरवशावर कोणी हिशेबाचे दफ्तर ठेवत नाही.

मागचा इतिहास थोडक्यात. देवनागरी युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, विंडोज २००० पासून आले, तेही मराठी आणि कोकणी दोन्ही भाषांसह. गोव्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती, पण डीटीपीवाले, म्हणजे छपाईची पाने जुळवणारे, युनिकोडपूर्व ८-बिट फॉन्टवर बसलेले असल्याने तिची फार दखल घेतली गेली नाही. एक्सपीत तर ‘रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या, चौकटीत टिक करावी लागे, मग मशीन विंडोजची सीडी मागे, आणि सीडी कपाटात सापडली नाही की गाडे तिथेच अडे. त्या काळाने एक सवय मागे ठेवली : हार्डडिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडायचे, म्हणजे ‘सी फॉरमॅट मारला’ तरी डीमधला डेटा वाचतो. त्या वेळी ती शहाणपणाची होती. आज तीच अपग्रेडच्या आड कशी येते, ते पुढे.

व्हिस्टाचे इथे काही अडत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेले विंडोज ७ जानेवारी २०२० पर्यंत टिकले आणि त्याने ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या, विंडोजची रास मागे ठेवली. २ जीबी रॅम होती म्हणून ३२-बिट टाकले, पुढे रॅम वाढली तरी विंडोज तेच राहिले आणि त्यावरच फुकटचे १० चढले. ११ हे फक्त ६४-बिट आहे. ३२-बिट १० वरून त्यावर सरळ अपग्रेड होत नाही. सगळे पुसून नव्यानेच टाकावे लागते. डॉसच्या काळातले १६-बिट हिशेबाचे प्रोग्रॅम ६४-बिटवर चालतच नाहीत. ते अजून वापरात असतील तर ११ चा विचार त्यांच्यापासून सुरू करावा.

लोकांचा ‘अपग्रेड’ या शब्दावरचा विश्वास उडाला तो विंडोज १० मुळे. २९ जुलै २०१५ ला ते आले, ७ आणि ८.१ वाल्यांना वर्षभर फुकट. मे महिन्यातल्या एका परिषदेत कंपनीच्याच माणसाने हे ‘शेवटचे विंडोज’ असल्याचे सांगून टाकले होते. कंपनीने ते ठामपणे कधी खोडून काढले नाही. मग टास्कबारवर अपग्रेडचे निमंत्रण येऊन बसले. २०१६ च्या मे महिन्यात तर त्या खिडकीचा लाल फुलीचा बटण दाबणे म्हणजे ठरलेल्या वेळेच्या अपग्रेडला होकार, असा अर्थ लावला गेला. अमेरिकेत एका ट्रॅव्हल एजन्सीच्या मालकिणीचे मशीन न मागितलेल्या अपग्रेडनंतर कोलमडले. तिला न्यायालयातून १०,००० डॉलर मिळाले. आपल्याकडे लोक कोर्टात गेले नाहीत, त्यांनी अपडेटची सर्व्हिसच डिसेबल करून टाकली. त्यातली बरीच मशीन्स आजही कुठल्या तरी जुन्या आवृत्तीवर थिजलेली आहेत.

सहा वर्षांनी उलटे झाले. आधी नको म्हणणाऱ्याच्या गळ्यात पडणारी कंपनी आता हवे म्हणणाऱ्याला परत पाठवू लागली. २४ जून २०२१ ला विंडोज ११ जाहीर झाले आणि सोबतच्या तपासणीच्या ॲपने कारण न सांगता लाखो लोकांना ‘तुमच्या पीसीवर चालणार नाही’ असे ऐकवले. चार दिवसांत ते ॲप मागे घ्यावे लागले. सप्टेंबरमध्ये ते कारणांसह परतले. मधल्या काळात लोक ११ साठी अट असलेल्या टीपीएम या सुरक्षा चिपचे सुटे मॉड्यूल शोधत फिरले, त्यांचे भाव चढले, आणि त्यातल्या बहुतेकांना ते मॉड्यूल लागणारच नव्हते.

टीपीएम ही छोटी तिजोरी आहे. कधी मदरबोर्डवर वेगळी चिप, कधी प्रोसेसर-चिपसेटच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे आत बसवून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. कुलुपाच्या किल्ल्या तिच्यात राहतात. मशीन सुरू होताना काय काय लोड झाले याची ती नोंद घेते आणि नोंद जुळली तरच किल्ली सोडते. १.२ ही आवृत्ती एसएचए-१ या जुन्या अल्गोरिदमवर अडकलेली होती; २.० मध्ये नवे अल्गोरिदम आले. २८ जुलै २०१६ पासून नव्या ब्रँडेड मॉडेलमध्ये टीपीएम २.० चालू करूनच देणे कंपनीने सक्तीचे केले होते. ही सक्ती म्हापसा-मडगावच्या दुकानात बोर्ड, प्रोसेसर, रॅम वेगवेगळी घेऊन जोडलेल्या मशीनला नव्हती. अशा असेंबल्ड मशीनमध्येही फर्मवेअरमधले टीपीएम, म्हणजे इंटेलचे पीटीटी किंवा एएमडीचे एफटीपीएम, बहुधा असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद. एच११० सारख्या स्वस्त बोर्डांवरही ते सापडते. रनमध्ये ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाकल्यावर ‘सापडत नाही’ असे आले, तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा लगेच घेऊ नये.

म्हणजे टीपीएमवरून एवढा गदारोळ झाला, पण खरा उंबरठा तो नव्हताच. तो कंपनीने ११ साठी मान्य केलेल्या प्रोसेसरच्या यादीचा आहे : इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीची रायझन २००० मालिका किंवा पुढची. इंटेलची आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. ऑक्टोबर २०२१ मध्ये ११ आले तेव्हा चार-साडेचार वर्षांची चांगली मशीन्सही यादीबाहेर होती. कंपनीने आकडे दिले : अटी पूर्ण करणाऱ्या मशीन्सचा अनुभव ९९.८ टक्के क्रॅशविना, बाकीच्यांत कर्नेलचे, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचे, क्रॅश ५२ टक्क्यांनी जास्त. यामागचे तांत्रिक कारण एका सुविधेशी जोडले जाते. मेमरी इंटिग्रिटी नावाचे संरक्षण चालू ठेवायचे तर प्रोसेसरमध्ये एमबीईसी ही सोय हवी, नाहीतर ते काम सॉफ्टवेअरने होते आणि मशीन मंदावते. मात्र एमबीईसी यादीबाहेरच्या इंटेलच्या सातव्या पिढीतही आहे. एएमडीत त्याला जोड असलेली सोय झेन या प्रोसेसर-रचनेच्या दुसऱ्या पिढीपासून, झेन २ पासून, म्हणजे रायझन २००० मालिकेनंतर आली. जिच्याकडे सुविधा आहे ती पिढी बाहेर, नसलेली मालिका आत. गवगवा झाल्यावर सातव्या पिढीतले मोजके प्रोसेसर आत घेतले गेले, त्यांत कंपनी स्वतः विकत असलेल्या एका मशीनमधला होता. रेषा कुठे तरी ओढावी लागते हे मान्य, पण ही रेषा तोंड बघून ओढल्यासारखी वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने टीपीएम २.० बाबत तडजोड नाही असे पुन्हा बजावले. यादीचा वाद तसाच राहिला.

यादी वाचतानाही फसगत होते. आय५-७४०० मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, हे सोपे. पेंटियमचा आकडा तसा बोलत नाही : जी४५६० बाहेर, जी५४०० आत. रायझन ३ २२००जी नावाने २००० मालिकेतला, पण आतून पहिल्या झेनचा, म्हणून बाहेर. लॉकडाऊनमध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप बहुतांशी चौथ्या ते सहाव्या पिढीचे. ते सगळे रेषेच्या अलीकडेच राहिले.

प्रोसेसर यादीत आहे आणि मशीन असेंबल्ड आहे, अशांचे काम पुढे असे अडते. ‘एमएसइन्फो३२’ उघडून बायोस मोड पाहावा. ‘लेगसी’ दिसला तर डिस्क एमबीआर या तुकड्यांची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीची आहे, ती जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागते. विंडोज १० मधली एमबीआर२जीपीटी ही कमांड डेटा न पुसता हे करते. आधी ‘व्हॅलिडेट’, मग ‘कन्व्हर्ट’, दोन्हींसोबत ‘अलाउ-फुल-ओएस’. इथेच सी-डी-ईची जुनी सवय आड येते. या कमांडला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी, म्हणजे मुख्य, पार्टिशन (तुकडे) चालतात आणि एक्स्टेंडेड-लॉजिकल, म्हणजे एकाच्या पोटात पाडलेले, एकही चालत नाही. डी आणि ई बहुधा लॉजिकल असतात, म्हणून व्हॅलिडेटच नापास. सिस्टिम रिझर्व्हड, सी आणि रिकव्हरी मिळून तीन आधीच भरलेले असतात. तेव्हा डी-ईमधला डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती पार्टिशन काढावीत, कन्व्हर्ट करावे, आणि मगच पुन्हा डी बनवावा. कन्व्हर्टनंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद, पीटीटी चालू, सिक्युअर बूट (खात्रीचे सॉफ्टवेअरच बूट होऊ देणारे संरक्षण) चालू. क्रम चुकवून सीएसएम आधी बंद केला तर मशीन ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणते. घाबरू नये, सीएसएम परत चालू केला की सगळे जागेवर असते. जुने ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद होताच पडदा काळा राहू शकतो, तेव्हा बोर्डावरच्या डिस्प्ले पोर्टची केबल हाताशी ठेवावी.

बोर्डावरचा सीआर२०३२ सेल हा इथल्या पावसाळ्याचा खास विषय. विजेची जोडणी असेपर्यंत बोर्ड स्टँडबायवर जगतो, सेल मेला आहे हे कळतच नाही. जूनमध्ये फिडर पडला, रात्रभर वीज नाही, आणि सकाळी बायोस मूळ सेटिंगवर : तारीख जुनी, पीटीटी बंद, सीएसएम चालू. विंडोज ११ असलेले मशीन मग एकतर बूट होत नाही किंवा निळ्या पडद्यावर डिस्कचे कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे चावी, मागते. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्ट किंवा किंचित वर दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर अपग्रेडच्या आधीच बदलावा. त्या चावीचेही एक आहे. ११ च्या २४एच२ या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नव्याने टाकलेले विंडोज, होम आवृत्तीसुद्धा, मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याने साइन-इन केल्यावर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करते आणि चावी त्या खात्यात ठेवते. सेटअप करताना दुकानातल्या मुलाने स्वतःचे खाते घातले असेल, तर चावी त्याच्याकडे. बायोस अपडेट करण्याआधी एन्क्रिप्शन ‘सस्पेंड’ करावे. अनेक बोर्ड अपडेटनंतर पीटीटी पुन्हा बंद करतात.

अपग्रेडला एक ते तीन तास लागतात आणि मध्ये मशीन अनेकदा रीस्टार्ट होते. ६०० व्हीएच्या यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटे निघतात, म्हणून वीज खात्याचे शटडाऊन जाहीर असलेला दिवस नको. पसंत पडले नाही तर ‘गो बॅक’ची मुदत १० दिवसांची आहे, १० च्या पहिल्या वर्षी ती ३० होती.

छापखान्यांची चिंता वेगळी. ११ नव्याने टाकल्यावर मेमरी इंटिग्रिटी बहुधा चालूच येते आणि जुन्या डीटीपी पॅकेजच्या डाँगलचा, म्हणजे मशीनला लावायच्या परवान्याच्या चावीचा, ड्रायव्हर त्याला चालत नाही. पॅकेज उघडते, डाँगल ‘सापडत नाही’. नवा ड्रायव्हर मिळाला तर ठीक. नाहीतर ते संरक्षण बंद करावे लागते, म्हणजे ज्यासाठी ११ घेतले त्यातलेच एक कवाड उघडे ठेवायचे. चवथीच्या तोंडावर, आरतीसंग्रहांची कामे अंगावर असताना, हा प्रयोग करू नये. युनिकोडवाल्यांना ही अडचण नाही. मराठी फोनेटिक कीबोर्ड तर १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून आतच आहे.

यादीबाहेरच्या मशीनवर ११ बसवण्याच्या वाटा आहेत. रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतली, एक नोंद कंपनीने स्वतःच एके काळी प्रसिद्ध केली होती आणि रुफससारखे टूल विंडोज टाकण्याचा पेनड्राइव्ह बनवतानाच तपासणी काढून टाकते. मासिक पॅच अशा मशीनवरही येत आले आहेत, पण त्यांची हमी नाही. दरवर्षीची मोठी आवृत्ती तर आपोआप येतच नाही. दर वेळी तीच कसरत. २४एच२ पासून पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ या सूचना नसलेले प्रोसेसर, म्हणजे ढोबळमानाने कोअर २ ड्युओपर्यंतचे, बूटच होत नाहीत.

१० वरच थांबणाऱ्यांसाठी कंपनीने पहिल्यांदाच घरगुती ग्राहकांना सुरक्षा दुरुस्तीची वाढीव मुदत दिली. आवृत्ती २२एच२ हवी, ऑनलाइन खाते हवे. मग ३० डॉलर, किंवा कंपनीचे १,००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा सेटिंग्ज क्लाउडवर सिंक केल्यास फुकट. एका खात्यावर १० मशीन्स, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. संस्थांचा दर निराळा : मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, कमाल तीन वर्षे. तिन्ही वर्षांचे ४२७ डॉलर होतात. तेवढ्यात आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप एसएसडीसकट येतो. त्यामुळे पंचायतीने किंवा सोसायटीने दुसऱ्या वर्षाचे पैसे भरण्याआधी कोटेशन मागवलेले बरे.

जून २०२६ पासून आणखी एक मुदत सुरू होते. सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रे तेव्हापासून टप्प्याटप्प्याने कालबाह्य होतात. मशीन त्याने बंद पडत नाही, पण बूटच्या टप्प्याला पुढची सुरक्षा दुरुस्ती मिळत नाही. नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधूनच येतात. ११ वर, आणि वाढीव मुदत घेतलेल्या १० वर. बाकीच्या १० वर नाहीत.