स्टिकर दुप्पट टाकू नका : द्राक्ष बागायतदारांसाठी

ऑक्टोबर छाटणी झाली की तासगावच्या आमच्या दुकानात रोज तीच तक्रार. “औषध भारीतलं नेलं, स्टिकर पण दुप्पट टाकला, तरी डावणी हटंना.” डावणी म्हणजे पानाघडावरचा बुरशीचा रोग, आणि स्टिकर म्हणजे फवारा पानावर पसरावा म्हणून औषधात मिसळायचं द्रव. ते दुप्पट टाकलं, घोळ तिथंच आहे.

साध्या पाण्याचा एक थेंब मण्यावर सोडून बघा. मोत्यासारखा गोल बसतो, घड हलवला की घरंगळतो. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधानं एकमेकांना घट्ट ओढून धरतात. वरच्या थरातल्या रेणूंना बाहेरून ओढणारं कुणी नसतं, म्हणून थेंब अंग आक्रसतो. हा पृष्ठताण. मण्यावर तर मेणाचा पांढरट थर असतो, आणि मेणाची पाण्याशी ओढ अगदीच कमी.

स्टिकरच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं पाण्यापासून पळतं. ते पृष्ठभागावर दाटी करतात आणि पाण्याचा ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असलेला ताण सिलिकॉन स्टिकरनं २०-२२ पर्यंत खाली येतो. थेंब लगेच चपटा होऊन पसरतो. पण पृष्ठभाग एकदा भरला की जादाचे रेणू पाण्यातच गठ्ठे करून बसतात. ताण आणखी उतरत नाही. टाकीत फेस होतो आणि पानावर राहायचं औषध ओघळून बोदावर, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या वरंब्यावर पडतं. पैसे तुमचे, आणि बोल आमच्या औषधाला!

घडावर तर जास्तच जपा, जादा स्टिकरनं मण्याचं मेणही बिघडतं. बेदाण्यासाठी आपण घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतो, ते हे मेण मोडून मणी लवकर वाळावा म्हणून. खायच्या द्राक्षाचं मेण गेलं की ताजेपणाची पांढरट झाक गेली, व्यापारी लगेच दर पाडतो.

“मग शाम्पूची पुडी, धुण्याची पावडर?” ताण त्यानंही उतरतो, खोटं कशाला बोलू. पण धुण्याची पावडर पाणी अल्कधर्मी करते, त्यात काही औषधं फुटतात. आणि साबण बोअरच्या जड पाण्यात फाटून पंपाच्या जाळीत अडकतो.

आमच्या सिलिकॉन स्टिकरचं माप लिटरला पाव मिली, म्हणजे २०० लिटरच्या बॅरलला ५० मिली. औषध आधी, स्टिकर शेवटी, आणि काठीनं हळू ढवळायचं. दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याच्या लेबलावरचंच माप धरा. अंदाजानं बाटली उपडी करू नका. बाटलीबरोबर मापाचं झाकण आम्ही फुकट देतो, गल्ल्यावर मागून घ्या.