विहीर खोल, पाट अरुंद

तारकर्लीला ताईकडे गेलो की चहाआधी भाच्याच्या कॉम्प्युटरची विचारपूस करावी लागते. यंदा प्रश्न तयारच होता. "मामा, ग्राफिक्स कार्ड दोन जीबीचा घेव की चार जीबीचा?" मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "तुका ता कित्याक व्हया?"

ताई वैतागून बोलली, पण पडद्यावरची चित्रं घडवणारं हे कार्ड घेणाऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारायला हवा: ते कशाला हवं? भावोजी पर्यटकांना होडीतून स्नॉर्केलिंगला नेतात. पाण्याखाली छोट्या कॅमेऱ्याने चित्रण होतं आणि रात्री भाचा त्यातून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ कापून पाहुण्यांना पाठवतो. उरलेल्या वेळात क्रिकेटचा गेम. मशीन जुनं: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. तक्रार अशी की कॅमेऱ्यातला व्हिडिओ नुसता लावला तरी तो थांबत थांबत चालतो.

का थांबतो? ४के व्हिडिओच्या एका चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदाला ३० चित्रं धरली तर जवळजवळ २५ कोटी ठिपके. एवढं सगळं जसंच्या तसं साठवायचं तर मेमरी कार्ड काही मिनिटांत भरेल. म्हणून कॅमेरा पूर्ण चित्र अधूनमधूनच ठेवतो आणि मधल्या चित्रांसाठी फक्त 'आधीपेक्षा काय बदललं' एवढंच लिहून ठेवतो. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे सोपं. पाण्याखाली मात्र काहीच स्थिर नसतं. वाळू उडते, मासे वळतात, बुडबुडे वर जातात, उन्हाची जाळी तळावर नाचते. बदलांची यादी लांबतच जाते.

ही यादी वाचून पुन्हा चित्र उभं करणं म्हणजे डीकोडिंग. आजकालचे बरेच कॅमेरे ४के साठी एचईव्हीसी नावाची पद्धत वापरतात. तिच्यासाठी खास कोरलेलं सर्किट इंटेलच्या प्रोसेसरांत नीटपणे आलं ते २०१५ च्या सहाव्या पिढीपासून. भाच्याचा आय-५ त्याआधीचा. तो बिचारा हे सगळं गणित साध्या प्रोग्रॅमने, स्वतःच्या चार कोअरवर करत बसतो. तेव्हा दुखणं ठिपके रंगवण्याचं नव्हतं, यादी वाचण्याचं होतं. कार्डावर हे डीकोडिंगचं सर्किट असलं की प्रोसेसर मोकळा होतो.

आता जीबीकडे येतो. ताईच्या परसात विहीर आहे, आणि तिथून माडांच्या आळ्यांपर्यंत पाट. विहीर कितीही खोल असली तरी माडाला मिनिटाला किती पाणी पोचणार हे पाटाची रुंदी ठरवते. कार्डाची जीबी, म्हणजे त्यावरची मेमरी, ही विहीर. पाट म्हणजे मेमरीची बँडविड्थ, सेकंदाला किती गीगाबाइट माहिती वाहते ती. दुकानदार विहिरीची खोली सांगतो आणि पाटाबद्दल गप्प बसतो.

याचा सगळ्यात बेरकी नमुना एनव्हिडिया कंपनीचं जीटी १०३०. हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं, सेकंदाला ४८ गीगाबाइट वेगाचं. पुढच्या वर्षी तेच नाव, तीच २ जीबी, पण आत साधी डीडीआर४ घातलेलं दुसरं कार्ड बाजारात आलं. त्याचा वेग सुमारे १७. पाट एक तृतीयांश उरला आणि खोक्यावरचं नाव तेच राहिलं. तुलनेला, जीटीएक्स १०५० टीआयचा वेग ११२ आणि जीटीएक्स १६५० च्या पहिल्या आवृत्तीचा १२८.

याच हिशोबाने मी भाच्याला आधी रॅमची दुसरी स्टिक घ्यायला लावली. डीडीआर३-१६०० ची एक स्टिक सेकंदाला १२.८ गीगाबाइट देते, आणि प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स त्याच पाण्यात वाटेकरी असतं. जोडीची स्टिक लावली की पाट दुप्पट, २५.६. कार्ड घेण्याइतके पैसे नसतील त्याने एवढं केलं तरी साध्या गेममध्ये फरक दिसतो.

व्हिडिओ कापून झाला की तो पुन्हा दाबून लहान करायचा असतो, ते एन्कोडिंग. त्याचं सर्किट वेगळं, आणि स्वस्त कार्डांत कात्री बसते ती नेमकी इथे. जीटी १०३० मध्ये ते नाही. एएमडीच्या २०२२ च्या आरएक्स ६४०० मध्येही नाही, कार्ड नवीन पिढीचं असूनसुद्धा. नुसते गेम खेळणाऱ्याला याचं सोयरसुतक नाही. रोज रात्री पाहुण्यांना व्हिडिओ पाठवणाऱ्या घरात मात्र ही दोन्ही कार्डं तिथेच बाद.

आरएक्स ६४०० बाद करायला आणखी एक कारण होतं. मदरबोर्डवरच्या लांब स्लॉटला १६ लेन, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा, असतात. हे कार्ड त्यातल्या चारच वापरते. नव्या बोर्डावर ते खपून जातं, कारण तिथली एकेक लेन वेगवान. एच८१ च्या बोर्डावर ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीच्या दुसऱ्या पिढीवरच अडलेला, म्हणजे लेनमागे सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट. चार लेनचे झाले २ गीगाबाइट. कार्डाची ४ जीबी पुरेनाशी झाली की गेम उरलेलं सामान रॅममधून याच वाटेने मागवतो, आणि मग चौपदरी रस्ता संपून अचानक घाट लागावा तशी गत होते. इंटेलचं आर्क ए३८० कागदावर चांगलं दिसतं, पण त्याला रिसायझेबल बार नावाची, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय लागते. ती नसलेल्या जुन्या बोर्डावर ते दम तोडतं.

मग वीज. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त हवे असतील तर एसएमपीएसमधून वेगळी वायर आणावी लागते: सहा पिनची आणखी ७५ देते, आठ पिनची १५०. भाच्याच्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं. आम्ही तो बाहेर काढला आणि बारीक तक्ता वाचला. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जगतात ते १२ व्होल्टच्या लाइनवर, आणि तिथे होते १६ अँपिअर. बारा सोळे १९२ वॅट, बस्स. प्रोसेसरची मर्यादा ८४, कार्डाचे ७५, बेरीज १५९, वर पंखे आणि हार्ड डिस्क. जेमतेम. सहा पिनवालं दणदणीत कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून इथे लावलं असतं, तर गेम रंगात येताच मशीन बंद पडलं असतं. असला एसएमपीएस कधीतरी बदलावाच, हे माझं मत मी ताईला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं.

उरली तीन नावं. २०१६ चं १०५० टीआय जुन्या बाजारात भरपूर मिळतं, पण एनव्हिडियाने त्या पिढीचे गेमसाठीचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आणि पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट ठेवले. २०२४ चं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे ७० वॅटचं आणि वेगळी वायर न मागणारं, तिघांत सर्वांत तगडं. पण अधिकृतपणे विंडोज ११ न चालणाऱ्या मशीनवर एवढा खर्च करायचा तो पुढच्या कॉम्प्युटरमध्ये हेच कार्ड न्यायचं ठरलं असेल तरच. आम्ही १६५० वर थांबलो, वेगळी वायर न लागणारं, सेकंडहॅण्ड.

सेकंडहॅण्ड घेताना विक्रेत्यासमोर जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम चालवून पाहावा. जुन्यापुराण्या चिपच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डाची ओळख सांगणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, फेरफार करून तिला १०५० टीआय म्हणून खपवणारे महाभाग आहेत. हा प्रोग्रॅम अशी बरीच सोंगं ओळखतो, शिवाय मेमरीचा प्रकार आणि बँडविड्थही दाखवतो.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते: कार्ड कुठे राबलंय. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ते यामुळेच. सर्किटवर बसलेल्या कणांचंही तेच होतं. त्यांचा खारट पापुद्रा वीज वाहून नेतो आणि तांबं खातो. आषाढ-श्रावणात आमच्याकडे ७५ च्या खाली उतरणारे तास थोडेच. म्हणून कार्डाच्या कनेक्टरवर आणि स्क्रूंभोवती हिरवट डाग दिसले तर किंमत कितीही पाडून दिली तरी घेऊ नये. स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायची आपल्याकडे रीत आहे, पण तो सोन्याचा थर फार पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला कपडा बरा.

पावसाळ्यात कॉम्प्युटर झाकून बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवलेला चांगला. २५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा कॅबिनेटमध्ये तापून ३५ वर गेली, की तिची सापेक्ष आर्द्रता पन्नाशीच्या आसपास येते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेची ते सामावून घेण्याची ताकद वाढलेली असते. मीठ कोरडं राहतं.

कार्ड आलं, स्लॉटमध्ये टक्कन बसलं, आणि मग कळलं की मॉनिटरची निळ्या टोकाची व्हीजीए वायर लावायला कार्डावर जागाच नाही. एनव्हिडियाने १०५० टीआयच्या पिढीपासूनच अॅनालॉग सिग्नल देणं सोडलं. इतके वॅट आणि लेन मोजल्या, मॉनिटरच्या मागे कोणी वाकून पाहिलं नाही, मीसुद्धा नाही. नुसती पिन बदलणारी वायर इथे चालत नाही, डिजिटलचं अॅनालॉग करणारी चिप आत असलेला कन्व्हर्टर लागतो. तो दोन दिवसांनी मिळाला. आता बुडबुडे न अडखळता वर जातात. व्हिडिओची फाइल उघडायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. ती हार्ड डिस्कची करणी, तिथे कार्डाचं काही चालत नाही.