लाँग बार, रॅफल्स हॉटेल

सिंगापूरच्या बीच रोडवरील रॅफल्स हॉटेलातील पानगृह. ‘सिंगापूर स्लिंग’ या जिनयुक्त मिश्र पेयाचे माहेरघर म्हणून प्रसिद्ध. आर्मेनियन सार्कीझ बंधूंनी १८८७ मध्ये दहा खोल्यांच्या बंगल्यात हॉटेल काढले. मुख्य इमारत १८९९ ची. बारची सध्याची दुमजली जागा मात्र १९८९–९१ च्या जीर्णोद्धारातील.

हॉटेलच्या परंपरेनुसार स्लिंग हे हैनानी (चीनच्या हैनान बेटाकडचा) बारमन ङ्याम टाँग बून याने १९१५ मध्ये तयार केले. हे वर्ष जपूनच घ्यावे. स्थानिक वृत्तपत्रात १९०३ मध्येच ‘गुलाबी स्लिंग’चा उल्लेख सापडतो. बारमन रॉबर्ट व्हरमीरच्या १९२२ च्या कॉकटेलवरील पुस्तकातील ‘स्ट्रेट्स स्लिंग’मध्ये जिन, बेनेडिक्टीन (वनौषधींचे गोड मद्य), कोरडी चेरी ब्रँडी, लिंबाचा रस, बिटर्स (कडू अर्क) आणि सोडा आहे, अननस नाही. ‘कोरडी चेरी ब्रँडी’ म्हणजे चेरीपासून गाळलेली बिनगोड दारू की नेहमीचे लाल, गोड लिकर, यावर मतभेद आहेत. गुलाबी रंग लिकरनेच येतो. बिनगोड ब्रँडी पाण्यासारखी रंगहीन असते. आधीच रूढ असलेल्या स्लिंगला बारने आपले वळण दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आजचे प्रमाण : जिन ३० मिलि., चेरी लिकर १५, क्वांत्रो (संत्र्याचे लिकर) व बेनेडिक्टीन प्रत्येकी ७.५, अननसाचा रस १२०, लिंबाचा रस १५, ग्रेनाडीन (डाळिंबाचा गोड पाक) १०, अँगोस्तुरा बिटर्सचे काही थेंब. बर्फासह जोरात हलवून उंच पेल्यात गाळतात. वरचा फेस ताज्या अननसाचा. डबाबंद रसाला तो बेताचाच धरतो. ग्रेनाडीन वाढले की पेय सरबताकडे झुकते.

गोणपाटाच्या पिशव्यांतील भुईमुगाच्या शेंगा सोलून टरफले जमिनीवरच टाकायची, हा येथला रिवाज. कचऱ्याला दंड करणाऱ्या शहरात हा अपवादच. छतावर पानांच्या आकाराचे पंखे डुलतात. दरपत्रकातील किमतीवर सेवाशुल्क व कर वेगळे लागतात.

साहित्यिक आठवणी शोधणाऱ्याने दर्शनी दालनातील ‘रायटर्स बार’मध्ये जावे, दोन्ही बारची गल्लत नेहमीची. इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम १९२१ च्या सुमारास हॉटेलात राहिला. मुंबईत जन्मलेल्या इंग्रज लेखक किपलिंगने १८८९ च्या प्रवासात जेवायला रॅफल्स आणि झोपायला हॉटेल द ल्यूरोप गाठावे, असा सल्ला दिला. सार्कीझांनी जाहिरातीत त्यातला जेवणापुरता भाग उचलला.